नको म्हणणाऱ्या मुलाला सुट्टीत परदेशी बापाकडे पाठवताय? मग हे वाचा

घटस्फोट झालाय किंवा नवराबायको कायमचे वेगळे राहतायत, मूल आईकडे ठाण्यात नाहीतर वाशी-खारघरला, आणि बाप बाहेरच्या देशात, तिकडे त्याचं नवीन घर, नवीन बायको, एखादं लहान मूल, बऱ्याचदा त्याची आईसुद्धा तिकडेच गेलेली. मधल्या वर्षांत वाढदिवसाचा फोन सोडला तर काही नाही. आणि मग दहावीच्या वर्षी मेसेज येतो की परीक्षा झाली की पाठव इकडे महिनाभर, आजीलाही बघायचंय त्याला. तुम्ही आठवडाभर झोप घालवून हो म्हणता आणि मूल जेवता जेवता सांगतं, मी जाणार नाहीये. उलटंही असतं, आई परदेशात आणि मूल बापाकडे, तिथेही हेच सगळं लागू होतं. आमच्याकडे हे होऊन गेलंय, मुलगा लंडनच्या हॅरो भागात राहून आला, ओळखीतल्या एकदोघींचीही मुलं अशीच जाऊन आली, त्यातून जे खरंच उपयोगी पडलं ते लिहितेय. उदाहरणं इंग्लंडचीच जास्त येतील.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मूल तिकडे कोणाचाही निरोप घेऊन जात नाहीये. तुमचा राग पोचवायला नाही, बापाला माफ करायला नाही, तिकडे फ्लॅट केवढा आहे आणि बाई कशी आहे ते बघून येऊन सांगायला तर अजिबात नाही. ते आपल्या स्वतःच्या माणसांना भेटायला जातंय, आवडली तर आवडली, नाही आवडली तर तेही ठीक. हे तुम्हाला मनापासून पटलं नसेल तर तिकीट काढू नका, थांबा थोडं, कारण मुलाला ते न सांगता कळतं आणि मग तो तिकडे जाऊन सगळा वेळ आईच्या बाजूने उभा राहतो, बाकी काही करतच नाही.

आणि हे आधीच लिहिते, घरात मारहाण झाली असेल, दारू असेल, मुलाला त्या माणसाची भीती वाटत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे नकार म्हणजे नकार. वकिलाशी बोला आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय काही करू नका. इथे मी लिहितेय ते दुरावा असलेल्या पण धोका नसलेल्या घरांबद्दल.

आता नकार. पंधरा-सोळा वर्षांचं पोर नको म्हणतं त्यामागे एकच कारण क्वचित असतं, आणि ते जे पहिलं सांगतं ते बहुतेक खरं कारण नसतं. मित्रांचा येऊरचा प्लॅन आहे, उपवनजवळ टर्फवर मॅचेस ठरल्यात, अकरावीच्या क्लासची बॅच एप्रिलमध्येच सुरू होतेय, हे सगळं खरंच असतं, पण त्याच्या खाली वेगळं असतं. तिथे मी पाहुणा असणार की घरातला? त्या छोट्या मुलाला माहीत तरी आहे का मी कोण ते? बाबांच्या बायकोला काय म्हणायचं? आणि सगळ्यात खोल जे असतं ते म्हणजे, मी तिकडे मजा केली तर आईला वाईट वाटेल. हे मुलं तोंडाने बोलत नाहीत. म्हणून तुम्हीच बोला, पण "तू मजा कर हां, मला काही वाटणार नाही" असं म्हणून सोडून देऊ नका, त्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. तुम्ही त्या महिन्यात काय करणार आहात ते ठरवा आणि सांगा. बहिणीकडे चिपळूणला आठ दिवस, घरात रंगकाम, ऑफिसमधून येताना तलावपाळीला चक्कर, जे काही असेल ते. आई इथे एकटी खिडकीत बसून नाहीये हे त्याला डोळ्यांसमोर दिसलं की अर्धा विरोध तिथेच विरघळतो, हे मी बघितलंय.

आमिष दाखवू नका मात्र. "लंडन बघायला मिळेल, शूज मिळतील" हे चालत नाही, या वयाच्या मुलांना ते लगेच कळतं आणि अपमान वाटतो. त्यापेक्षा त्याला ठरवायला द्या. किती दिवस, हे त्याने सांगायचं (तीन आठवडे पहिल्या वेळी पुरे, दोन महिने तर नकोच नको), परतीची तारीख त्याने निवडायची, रोज फोन की एक दिवसाआड हे त्याने ठरवायचं. जायचंच नाही हा पर्याय शेवटपर्यंत उघडा ठेवायचा की नाही हे तुमचं तुम्ही बघा, मी ठेवला असता, कारण जबरदस्तीने विमानात बसवलेलं मूल तिकडे खोलीतून बाहेर येत नाही.

तारखांचा विचार लोक करत नाहीत आणि मग फसतात. आपली उन्हाळी सुट्टी म्हणजे मे आणि अर्धा जून, १५ जूनच्या आसपास शाळा सुरू. इंग्लंडमध्ये शाळांची मोठी सुट्टी लागते जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात! म्हणजे आपलं मूल मेमध्ये तिकडे पोचतं तेव्हा तो सावत्र भाऊ किंवा बहीण शाळेत, बाप आणि त्याची बायको ऑफिसात, आणि हा दिवसभर एका अनोळखी घरात एकटा. न्यू जर्सीला वगैरे शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतात, कॅनडात टोरंटोकडे जूनअखेरपर्यंत, म्हणजे तिथेही तीच गत. इंग्लंडसाठी दोन जागा आहेत, एक ईस्टरची साधारण दोन आठवड्यांची सुट्टी (मार्चअखेर-एप्रिल, दर वर्षी सरकते) आणि दुसरी मेच्या शेवटी एक आठवड्याची हाफ टर्म, म्हणजे सत्राच्या मधली छोटी सुट्टी. दहावीची परीक्षा मार्चच्या मध्यात संपते त्यामुळे दहावीवाल्यांना ईस्टर गाठता येतो, बाकीच्यांनी मुक्कामात तो मेचा शेवटचा आठवडा येईल असं बघा. मुलांची मुलांशी ओळख खेळता खेळता होते, ती झाली की मोठ्यांचं अवघडलेपण जरा बाजूला पडतं.

दहावीवाल्यांसाठी अजून एक. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मेला लागला आणि अकरावीचे प्रवेश त्या वर्षापासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. मूल तिकडे असताना फॉर्मचा भाग एक, भाग दोन, कॉलेजचे पसंतीक्रम असं सगळं अंगावर येऊ शकतं. नोंदणीला स्वतःचा, म्हणजे आईचा, मोबाइल नंबर द्या, मुलाचं सिम तिकडे बंद असेल तर ओटीपी कुठे येणार? जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर वगैरे लागणार असेल तर ते जायच्या आधीच हातात घ्या. आणि पसंतीक्रम व्हिडिओ कॉलवर त्याच्यासोबत बसून भरा, बापालाही त्या कॉलवर बसायचं असेल तर बसू दे, मुलाचं कॉलेज आहे.

कागदपत्रं. लहानपणी काढलेला पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तो बहुतेक संपलेला निघतो, आधी तो बघा. पंधरा ते अठरा या वयात दहा वर्षांचाही काढता येतो. अर्जासोबत पालकांचं लेखी घोषणापत्र लागतं, बापाची सही असेल तर अॅनेक्शर डी, एका पालकाची संमती मिळत नसेल तर अॅनेक्शर सी. ठाणेकरांना वागळे इस्टेटचं पासपोर्ट सेवा केंद्र माहीतच असेल. व्हिसासाठी आईचं संमतीपत्र (मूल कधी जातंय, कुठल्या पत्त्यावर, कोणाकडे, खर्च कोण करतंय, तुमचा फोन आणि सही), बापाचं निमंत्रणपत्र आणि त्याच्या राहण्याचा पुरावा, जन्मदाखला, घटस्फोटाचा आदेश आणि ताबा कोणाकडे आहे ते सांगणारं पान. आदेश मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. संमतीपत्र नोटरी करून त्याची एक प्रत मुलाच्या हँडबॅगेत ठेवा, सुटकेसमध्ये नाही, कारण इकडच्या इमिग्रेशनला आणि तिकडच्या बॉर्डरवर दोन्हीकडे विचारू शकतात की एकटा का आलास आणि घ्यायला कोण आलंय. बापाचा फोन नंबर कागदावर लिहून द्या, मोबाइलची बॅटरी नेमकी तिथेच संपते.

एक गंभीर मुद्दा. मुलं परत पाठवण्याबद्दलचा १९८० चा हेग करार आहे, भारत त्यात नाही. म्हणजे उद्या समोरच्याने मूल परत पाठवलंच नाही तर त्या करारातला झटपट मार्ग आपल्याला मिळत नाही, तिकडच्या कोर्टात जावं लागतं. घाबरवायला लिहीत नाही, बहुतेक बाप असं काही करत नाहीत. पण मनात थोडी जरी शंका असेल तर ज्या फॅमिली कोर्टात आदेश झाला तिथूनच जाण्या-येण्याच्या तारखांची परवानगी लेखी घ्या, आणि काही झालं तरी परतीचं तिकीट आधी काढा. पासपोर्ट मुलाकडेच राहणार, बापाच्या कपाटात नाही, हे स्पष्ट बोलून घ्या.

विमानाचं म्हणाल तर बारा वर्षांवरच्या मुलांना एअरलाइनचा माणूस सोबत देण्याची सोय बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असते आणि काही एअरलाइन ती देतच नाहीत, तिकिटाआधी विचारा. पहिल्यांदा एकटं जात असेल तर थेट फ्लाइटच घ्या, मधे दोहा-दुबईला बदलायचं झंझट नको. नवी मुंबईचं विमानतळ आता सुरू झालंय त्यामुळे तिकिटावर बीओएम (मुंबईचं जुनं विमानतळ) लिहिलंय की एनएमआय (नवी मुंबईचं) ते नीट वाचा, ठाण्याहून दोन्हीचे रस्ते वेगळे आणि वेळही वेगळा.

आता बापाशी काय बोलायचं. फोनवर भांडण होत असेल तर लिहून पाठवा, ईमेल बेस्ट, त्यात जुनं काही काढायचं नाही, फक्त या महिन्याचं. मी असं लिहीन: पहिले तीन-चार दिवस तू सुट्टी घे. त्याला झोपायला शक्यतो दार लावता येईल अशी जागा दे, नसेलच तर हॉलमधला सोफा चालेल पण त्याच्या सामानाला एक कपाट हवं. पहिल्याच वीकेंडला सगळ्या मित्रपरिवाराला बोलावून "हा माझा मोठा मुलगा" असा कार्यक्रम नको. आपल्या दोघांत काय झालं ते त्याच्याशी बोलायचं असेल तर त्याने विचारल्यावर, आणि तेवढंच. आईला बोल लावायचा नाही, मीही इथे तुला लावणार नाही. तो काय खात नाही, कशाची अॅलर्जी आहे, चष्म्याचा नंबर, चालू औषधं, हे सगळं त्यातच. विचित्र वाटेल, पण ज्याला मुलाच्या बुटाचा साइझ माहीत नाही अशा बापाला या यादीने मदत होते, तोही घाबरलेला असतो. आणि तुम्ही लिहिलेलं मुलाला दाखवा, त्याच्या पाठीमागे काही ठरलं नाही हे त्याला कळू दे.

बाबांच्या बायकोला काय म्हणायचं हे निघायच्या आधीच ठरलेलं बरं. आमच्याकडे मुलाने नावापुढे ताई लावायचं ठरवलं, तिलाही ते आवडलं. काकू, आंटी, नुसतं नाव, काहीही चालेल, आई म्हण असा आग्रह तेवढा कोणी धरू नये. आणि त्या बाईला तुम्ही स्वतः एक छोटा मेसेज करा, चार ओळी, की मुलगा येतोय, सांभाळून घेशील, काही लागलं तर मला थेट विचार. करायला जड जातं, माहितीये. पण दिवसभर त्याला जेवायला विचारणारी तीच असते.

बॅग भरताना आपल्या बायकांचा हात आखडत नाही, म्हणून हे. इंग्लंडमध्ये दुधाचे पदार्थ आणि मांस आपल्याकडून नेता येत नाही, म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड, तूप सगळं बाद. हापूसची पेटी न्यायची असेल तर आधी नियम बघा, २०१४ मध्ये तर फळमाशीमुळे युरोपने आपल्या आंब्यावर बंदीच घातली होती, ती २०१५ मध्ये उठली. आजीला आंब्याची चव द्यायची असेल तर आंबापोळी द्या, कोकम, मेतकूट, गोडा मसाला, भाजणीची चकली द्या, हे सगळं पॅकबंद. ठाण्यात जांभळी नाक्याच्या मार्केटमध्ये एका फेरीत होतं. आजीसाठीची वस्तू मुलाला निवडू द्या. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. एप्रिल-मेमध्ये तिकडे थंडीच वाटते आपल्याला, जॅकेट आणि बंद बूट हवेतच. प्लगसाठी त्यांचा चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर. ट्रॅव्हल इन्शुरन्स विसरू नका, तिकडे अपघात विभागात तातडीचे उपचार फुकट होतात पण अॅडमिट केलं तर व्हिजिटरला बिल लावतात आणि ते मोठं असतं. मुलाच्या हातात त्याचे स्वतःचे पैसे हवेत, थोडे पाउंड आणि तुम्ही भरलेलं फॉरेक्स कार्ड, चिप्सच्या पाकिटासाठी बाबांकडे हात पसरावा लागू नये.

पोचल्यावरचा पहिला आठवडा सगळ्यात कठीण. आजी भेटते तेव्हा रडते, धरून ठेवते, आणि मुलाला कळत नाही काय करायचं, कारण त्याच्या आठवणीत आजी म्हणजे धूसर काहीतरी. त्याला आधी सांगून ठेवा की आजी रडेल, तुला रडू नाही आलं तरी चालेल, बाजूला बस तिच्या. आजीबरोबर करायला काम असलं की छान जमतं. तिच्या फोनमधले फोटो लावून देणं, तिला मराठी मालिका टीव्हीवर चालू करून देणं, तिच्याकडून थालीपीठ शिकणं. तिकडे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दिवसभर मराठी बोलायला कोणी नसतं, नातू मिळाला की त्या कितीतरी बोलतात, गाव, घर, त्याचे बाबा लहान असताना कसे होते. आमच्या मुलाला त्याच्या बाबांची खरी ओळख आजीकडूनच झाली असं मला वाटतं.

दिवस कसा घालवायचा ते आधी ठरवा, नाहीतर मोबाइल आणि पलंग. आपली ठाण्याची मुलं टीएमटीच्या बसने, शेअर रिक्षाने, लोकलने एकटी फिरणारी असतात, तिकडच्या शांत गल्लीत त्यांना कोंडल्यासारखं होतं. म्हणून बापाला सांगा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला ऑयस्टर कार्ड (लंडनच्या बस-ट्रेनचं प्रवासाचं कार्ड) घेऊन दे आणि एकदा स्वतः बरोबर फिरव, मग सोड. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत, कार्ड नसेल तर पोर स्टॉपवरच राहील. हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनने बेकर स्ट्रीटला थेट जाता येतं. सायन्स म्युझियम, ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्ट्री फुकट आहेत, एकेकाला पूर्ण दिवस जातो. किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर आहे जिथे डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकायला असताना राहिले, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं, तिथे तर प्रत्येक मराठी मुलाने जावं असं मला मनापासून वाटतं. बाबांना घेऊन गेला तर अजून चांगलं, दोघांना चालता चालता बोलायला काहीतरी मिळतं. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं, त्यांचा एखादा कार्यक्रम त्या दिवसांत असेल तर आजीला घेऊन जायला सांगा.

फोन. उन्हाळ्यात तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. आपल्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे दुपारचे साडेचार, ही वेळ चांगली, बाप घरी यायच्या आधीची, पोर मोकळं बोलतं. काय विचारायचं? जेवलास का, कुठे गेलास, झोप लागते का. काय विचारायचं नाही: ती कशी आहे, बाबा माझ्याबद्दल काय बोलले, त्यांच्याकडे कुठली गाडी आहे. त्याने स्वतःहून काही सांगितलं तर ऐका आणि त्यावर मत देऊ नका, निदान त्या फोनवर नको. फोन ठेवल्यावर बहिणीला किंवा मैत्रिणीला फोन करा आणि सगळं बोलून टाका, ते तुमचंही हक्काचं आहे.

पहिल्या चार-पाच दिवसांत "मला घरी यायचंय" असा मेसेज जवळपास येतोच. लगेच तिकिटं शोधू नका आणि "असं नाही करायचं" म्हणून दटावूही नका. काय झालं ते विचारा. कंटाळा आला असेल, बाबांनी काही टोचून बोललं असेल, त्या घरातल्या भांडणात हा मधे सापडला असेल, प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कंटाळा असेल तर अजून तीन दिवस बघूया म्हणा आणि चौथ्या दिवशी खरंच परत विचारा. बाबांशी काही बिनसलं असेल तर बाबांशी त्यालाच बोलू द्या, शब्द सुचवा पण मधे पडू नका. भीती वाटतेय, कोणी हात उगारला, असं काही असेल तर त्याच दिवशी हालचाल. तिकडचा इमर्जन्सी नंबर ९९९, आणि मुलांसाठी फुकटची चाइल्डलाइन ०८०० ११११, दोन्ही त्याच्या फोनमध्ये आधीच सेव्ह करून द्या, आणि लंडनमधल्या एखाद्या तुमच्या ओळखीच्या माणसाचाही, जो बापाच्या गोतावळ्यातला नाही.

लहान भावाबद्दल एवढंच सांगते की ते पोर सात-आठ वर्षांचं असेल तर ते आपल्या मुलाच्या मागेमागे फिरणार, त्याला तर अचानक मोठा दादा मिळालेला असतो. आपल्या मुलाला त्याचा राग येऊ शकतो, की माझ्या वाटचे बाबा याला रोज मिळतात. हा राग खरा आहे, तो त्याला बोलून दाखवू द्या, तुमच्याजवळ, त्या लहानग्याजवळ नाही.

परत आल्यावर एअरपोर्टवर प्रश्न नकोत. वरणभात, झोप, दोन दिवस मित्र. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर येते, कधी भांडी आवरताना, कधी रिक्षात. काही गोष्टी तो सांगणारच नाही, त्या त्याच्या. बाबांनी दिलेले कपडे, फोटो, आजीने विणलेला मफलर घरात कुठे ठेवायचा ते त्याला ठरवू द्या, भिंतीवर फोटो लावायचा म्हणाला तर खिळा ठोकून द्या. पुढच्या वर्षीचा विषय दिवाळीपर्यंत काढू नका. आजीशी रविवारचा फोन मात्र त्याला हवा असेल तर वेळ ठरवून द्या, आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा म्हणजे तिकडे दुपारचे दोन, जेवून बसलेली असते ती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हापासून साडेसात करा.